एकाच मुलाचे तीन तक्ते

“मॅडम, मी भरलेला तक्ता खोटा ठरला का?” हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या आया वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. मूल हट्ट करते, उलट उत्तरे देते, एका जागी बसत नाही, म्हणून शाळेतून किंवा डॉक्टरांकडून वर्तनाविषयीचा प्रश्नतक्ता घरी येतो आणि आई तो मनापासून भरते. काही दिवसांनी तिला कळते की वडिलांच्या तक्त्यातले मूल अगदी शांत आहे आणि वर्गशिक्षिकेच्या तक्त्यातले मूल या दोन्हींशी जुळत नाही. घरातले कोणी, कधी कधी तपासणारे तज्ज्ञही, सहज बोलून जातात की आईलाच ताण आहे आणि ती वाढवून सांगते. त्या एका वाक्याने ती पुढे काही सांगायचीच बंद होते. आईवडिलांनी दिलेल्या गुणांमध्ये कल असतो, म्हणजे ते एका बाजूला झुकलेले असतात, हे खरे आहे. पण कल असणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, आणि हा कल कोठून येतो हे शोधले तर मुलाविषयी अशी माहिती हाती लागते, जी एकट्या तक्त्यातून कधीच मिळाली नसती. सोलापुरात माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाच्या आधाराने मी हे सांगणार आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

मुलाला आपण सीनू म्हणू. वय साडेआठ वर्षे, मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत, घरात तेलुगू बोलतात. वडील अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतात. आई घरी विड्या वळते. थोरली बहीण आठवीत आहे, अभ्यासात पुढे, घरकामात आईच्या बरोबरीची. पहिल्या भेटीत आई बसल्याबसल्याच म्हणाल्या, “मॅडम, रोज त्रास द्यालाय बघा. सांगितलेलं एक ऐकंना.” वडील शेजारीच होते. ते म्हणाले, “लहानपणी मी पण असाच होतो. आता बारा-बारा तास मागावर उभा राहतोय की. काय बिघडलं?”

मी दोघांना व्हँडरबिल्ट मापनश्रेणीचा पालकांसाठीचा तक्ता दिला. त्यात ५५ प्रश्न असतात. वर्तनाच्या प्रत्येक प्रश्नाला ‘कधीच नाही’पासून ‘अगदी नेहमी’पर्यंत ० ते ३ असे गुण द्यायचे असतात आणि २ किंवा ३ गुण मिळाले तरच ते लक्षण मोजले जाते. पहिले नऊ प्रश्न अवधानाचे, पुढचे नऊ चंचलतेचे आणि उतावळेपणाचे, त्यानंतरचे आठ विरोध आणि अवज्ञेचे, म्हणजे ज्याला आपण ओडीडी म्हणतो त्या विकाराचे असतात. आईने अवधानाच्या प्रश्नांना २७ पैकी २५, चंचलतेला २७ पैकी २४ आणि अवज्ञेला २४ पैकी २१ गुण दिले होते. वडिलांचे आकडे अनुक्रमे ६, ७ आणि ३ होते. वर्गशिक्षिकेसाठीचा तक्ता थोडा वेगळा असतो, पण अवधानाचे आणि चंचलतेचे भाग ताडून पाहता येतात. बाईंनी अवधानाला १७, चंचलतेला ५ गुण दिले होते आणि अवज्ञेच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नापुढे ‘कधीच नाही’वर खूण केली होती. समासात त्यांनी लिहिले होते की मुलगा गुणी आहे, पण वही पूर्ण होत नाही.

तीन तक्ते टेबलावर मांडून मी पहिल्यांदा जे केले, ते चुकीचे होते, आणि ते सांगणे मला आवश्यक वाटते. आईचा चेहरा ओढलेला होता, रात्रीची झोप नीट होत नव्हती, बोलताना डोळे दोनदा भरून आले होते. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू या चाचणीत त्यांना २७ पैकी १४ गुण आले, म्हणजे मध्यम तीव्रतेची लक्षणे होती. मी माझ्या वहीत लिहून ठेवले : ‘आईचे गुणांकन फुगलेले, कारण खिन्नता.’ ही माझी घाई होती. खिन्न आईला मुलाचे वर्तन आहे त्याहून वाईट दिसते, हे गृहीतक मानसशास्त्रात जुने आहे आणि पुढच्या काही अभ्यासांत असा परिणाम थोड्या प्रमाणात आढळलाही आहे. परंतु जॉन रिक्टर्स यांनी १९९२ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना एक मूलभूत उणीव दिसली होती. आईचे म्हणणे चुकीचे ठरवण्यासाठी मुलाच्या वर्तनाचे जे स्वतंत्र, भरवशाचे प्रमाण हातात हवे, ते बहुतेक अभ्यासांत नव्हतेच. माझ्याकडेही ते नव्हते. आई थकलेली आहे एवढेच मला ठाऊक होते, आणि ज्या घरात मूल खरोखर दिवसभर भांडते त्या घरातली आईही थकतेच. थकव्यामुळे तक्ता वाढला की मुलाच्या वागण्यामुळे थकवा आला, हे आकड्यांवरून ठरत नाही.

अशी तफावत पाहून पालक घाबरतात, म्हणून एक गोष्ट आधीच सांगायला हवी. माहिती देणाऱ्यांचे एकमत न होणे हीच सर्वसामान्य स्थिती आहे. थॉमस आखेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलाशी सारखेच नाते असणाऱ्या दोघांच्या, उदाहरणार्थ आई आणि वडील यांच्या, नोंदींमधला सहसंबंध सरासरी ०.६० होता. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांतल्या व्यक्तींमध्ये तो ०.२८ इतकाच होता, आणि मुलाने स्वतःविषयी सांगितलेले व इतरांनी सांगितलेले यांत ०.२२. सहसंबंध १ असता तर एकाच्या नोंदींवरून दुसऱ्याच्या नोंदी अचूक सांगता आल्या असत्या. तेव्हा घरचा आणि शाळेचा तक्ता जुळला नाही म्हणून एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवण्याचे काही कारण नाही. मूल स्वयंपाकघरात आणि वर्गात एकसारखे वागत नाही, आणि प्रत्येकाला त्याच्या वाट्याला आलेले मूलच दिसते.

पुढच्या भेटीत मी आईला एकटीला बोलावले आणि तक्ता समोर ठेवून पहिला साधा प्रश्न विचारला, जो मी पंधरा दिवसांपूर्वीच विचारायला हवा होता : “ताई, हा तक्ता भरला कोणी?” त्या जरा संकोचल्या. मराठी त्या सफाईने बोलतात, पण वाचायला वेळ लागतो. म्हणून आठवीतल्या मुलीने प्रश्न वाचून दाखवले, तेलुगूत समजावले आणि खुणाही तिनेच केल्या. काही प्रश्नांवर आई विचार करीत असताना मुलगीच म्हणे, “नेहमीच करतो की,” आणि ३ वर खूण होई. म्हणजे ‘आईचा तक्ता’ म्हणून मी जो वाचत होते, त्यात धाकट्या भावाने वही फाडल्याचा बहिणीचा रागही मिसळला होता. ओडीडीच्या निदानात अवज्ञेची लक्षणे भावंडाखेरीज निदान आणखी एका व्यक्तीशी दिसली पाहिजेत, अशी अट आहे, आणि ती उगाच घातलेली नाही.

त्यानंतर आम्ही प्रत्येक प्रश्न पुन्हा घेतला. गुण देण्याआधी त्यांनी मला गेल्या आठवड्यातला एक प्रसंग सांगायचा, तो कोणत्या वेळी घडला, समोर कोण होते आणि किती वेळ चालला हेही सांगायचे, असे ठरवले. ‘जागेवरून उठून जातो’ या प्रश्नाला पूर्वी ३ गुण होते. प्रसंग आठवताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या की तो उठून जातो ते त्यांनी अभ्यासाला बसवल्यावर, रागाने. टीव्हीपुढे किंवा जेवताना तो उठत नाही. म्हणजे तो राग होता, चंचलता नव्हती. असे एकामागून एक सात-आठ प्रश्नांत घडले. एखाद्याचा एक ठळक गुण किंवा दोष आपल्या मनात भरला की त्याच्या इतर गोष्टींवरही त्याचीच छाया पडते, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवले होते. वर्तनविकारांच्या बाबतीत ही छाया विशेषतः एका दिशेने पडते. हॉवर्ड अबिकॉफ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये शिक्षकांना बालकलाकारांच्या चित्रफिती दाखवल्या होत्या. केवळ अवज्ञा दाखवणाऱ्या मुलालाही शिक्षकांनी चंचलतेचे आणि अवधानाच्या कमतरतेचे गुण वाढवून दिले. उलट केवळ चंचल असलेल्या मुलाला अवज्ञेचे गुण तसे वाढवून मिळाले नाहीत. शिक्षकांविषयीची ही गोष्ट मला पालकांच्या तक्त्यांतही वारंवार दिसते. जो मुलगा उलट बोलतो, तो आपल्या नजरेत सगळ्याच बाबतींत बिघडलेला ठरतो.

दुसरी छाया बहिणीची होती. “ही कधी असं करत नव्हती,” हे वाक्य आईने त्या तासाभरात किती वेळा उच्चारले, ते मी मोजले नाही, पण जवळजवळ प्रत्येक उत्तराचा शेवट तिथेच होत होता. जुळ्या मुलांच्या अभ्यासांत ही गोष्ट चांगली नोंदली गेली आहे : पालक एका मुलाचे वर्तन दुसऱ्याच्या शेजारी ठेवून पाहतात, आणि दोघांतला मुळातला फरक त्यांच्या नोंदीत आणखी मोठा होतो. मी त्यांना बहीण बाजूला ठेवून गल्लीतली, साधारण आठ-नऊ वर्षांची पाच मुले डोळ्यांसमोर आणायला सांगितले. त्या पाचांत सीनू कितवा? थोडा विचार करून त्या म्हणाल्या, दंग्यात तिसरा, पण अभ्यास सुरू करून तो संपवण्यात शेवटचा.

नव्याने भरलेल्या या तक्त्यात अवज्ञेचे गुण २१ वरून १६ झाले, अवधानाचे २५ वरून २० आणि चंचलतेचे २४ वरून १३. अजून एकही उपाय सुरू झालेला नव्हता. तोच तक्ता पुन्हा भरला की त्रासाचे गुण आपोआप थोडे उतरतात, हे संशोधकांना फार पूर्वीपासून माहीत आहे, त्यामुळे या उताराचे सगळे श्रेय मी प्रसंग विचारण्याला देत नाही. मात्र तिन्ही आकडे सारखे उतरले नाहीत, चंचलतेचा सर्वांत अधिक उतरला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली. तेव्हापासून सुधारणा मोजताना मी पहिला तक्ता आधार म्हणून धरीत नाही, दुसरा धरते.

अवज्ञेचे उरलेले १६ गुण कोठून आले, हे समजण्यासाठी मी आईला दोन आठवडे भांडणांची नोंद ठेवायला सांगितले. मुलीने लिहायचे नाही, आईने तेलुगूत लिहिले तरी चालेल. वही आली तेव्हा चित्र स्पष्ट होते. बहुतेक सगळी भांडणे संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेतली होती. सकाळी विड्या कारखान्यात पोचवायच्या असतात आणि मजुरी हजार विड्यांवर ठरते, म्हणून संध्याकाळी पाने कापून, तंबाखू भरून, दोरा बांधण्याचे काम जोरात चालते. त्याच वेळी सीनूला त्याच खोलीत गृहपाठाला बसवलेले असते. आई मान वर न करता सांगते, तो ऐकत नाही, पाचव्यांदा ती ओरडते, तो पानांची टोपली लाथाडतो, आणि पाने वाचवण्यासाठी आई म्हणते, “जा बाबा, खेळ जा.” ओरेगॉनमधले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी १९८२ मध्ये सविस्तर मांडलेले जबरदस्तीचे चक्र ते हेच : मुलाने आवाज चढवला की सूचना मागे घेतली जाते, म्हणून पुढच्या वेळी आवाज लवकर चढतो. वहीत आणखी एक गोष्ट होती, जी कोणत्याही मापनश्रेणीत विचारलेली नसते. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी पाणी येई, विशेषतः रात्री उशिरा, त्याच्या दुसऱ्या दिवशी भांडणे जास्त होती.

त्यामुळे आईचे १६ गुण मी फुगलेले मानत नाही. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत आईसमोर असलेला मुलगा तसाच होता. बाईंना अवज्ञा दिसली नाही, कारण वर्गात सूचना मागे घेतली जात नाही आणि तेथे त्याला थोडी भीतीही आहे. वडिलांना दिसली नाही, कारण ते त्या वेळी मागावर असतात आणि सुट्टीच्या दिवशी अभ्यास नसतो. त्यांच्या ‘कधीच नाही’मध्ये आणखी दोन गोष्टी मिसळल्या होत्या, ज्या त्यांनी तिसऱ्या भेटीत स्वतःहून सांगितल्या. मुलात त्यांना आपले बालपण दिसते, आणि आपण ज्या खोड्या करून निभावून गेलो त्यांना आजार म्हणणे त्यांना पटत नाही. शिवाय एकदा नाव चिकटले की शाळेत पोराला ‘वेडा’ म्हणतील, ही भीती होती. कमी गुण देण्यातही कल असतो, पण तज्ज्ञांचे लक्ष बहुधा जास्त गुण देणाऱ्या आईकडेच जाते, आणि शांतपणे शून्य लिहिणाऱ्या वडिलांना कोणी तपासत नाही. मला हा अन्याय वाटतो.

कल फक्त पालकांत असतो, असेही समजू नये. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन, इंडोनेशिया, जपान आणि अमेरिका या चार देशांतल्या मानसिक आरोग्य तज्ज्ञांना आठ वर्षांच्या चार मुलांच्या त्याच चित्रफिती दाखवल्या, तेव्हा चिनी आणि इंडोनेशियन तज्ज्ञांनी चंचलतेला आणि दंग्याला इतरांपेक्षा लक्षणीयरीत्या जास्त गुण दिले. मी स्वतःही यातून सुटले नाही. सीनू माझ्या खोलीत चाळीस मिनिटे चित्र काढत बसला होता, आणि ‘अवधान उत्तम’ असे मी लिहून ठेवले होते. नव्या जागी, एकट्या मोठ्या माणसाचे पूर्ण लक्ष मिळत असताना आणि आवडीचे काम हातात असताना अवधानाची अडचण असलेले मूलही नीट बसू शकते, हे मी पालकांना नेहमी सांगते, आणि तरी ते वाक्य माझ्याच वहीत होते.

माझी पहिली नोंद खोडायला लावली ती शाळेच्या वह्यांनी. बाईंनी तीन महिन्यांच्या वह्या पाठवल्या. फळ्यावरून उतरवलेला प्रत्येक धडा पाचव्या-सहाव्या ओळीला तुटलेला होता, गणिते पहिली दोन बरोबर आणि पुढची कोरी. बाईंनी सात प्रश्नांना २ किंवा ३ गुण दिले होते. अवधानाच्या नऊपैकी सहा लक्षणे मोजली गेली की पुढे तपासावे, असा संकेत आहे. वर्गात दंगा न करणारे मूल मागच्या बाकावर वर्षभर दुर्लक्षित राहू शकते, आणि सीनू तसाच राहिला होता. मी ज्या आईला ‘वाढवून सांगणारी’ ठरवले होते, तिचे अवधानाबद्दलचे म्हणणे बाईंच्या आणि वह्यांच्या साक्षीने टिकले. दृष्टी आणि श्रवण तपासून घेतले, ते ठीक होते. वाचनातही भाषेमुळे येणाऱ्या चुकांपलीकडे काही आढळले नाही. बालमानसोपचारतज्ज्ञांनी दोन ठिकाणची लक्षणे, बारा वर्षांच्या आतली सुरुवात आणि अभ्यासावर झालेला परिणाम पाहून एडीएचडीचे, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता या विकाराचे, निदान केले; त्याचा प्रकार अवधानाची कमतरता ठळक असलेला होता. अवज्ञेचे वेगळे निदान त्यांनी तेव्हा केले नाही, घरातली पद्धत बदलून पुन्हा पाहू असे सुचवले. आईच्या नैराश्यावर स्वतंत्र उपचार सुरू झाले, आणि ते मुलाच्या निदानाशी कोणी जोडले नाहीत, याचे मला समाधान आहे.

पुष्कळ ठिकाणी दोन तक्ते जुळले नाहीत की त्यांची सरासरी काढतात. आईचे २१ आणि वडिलांचे ३ यांची सरासरी १२ येते, पण १२ गुणांची एकही संध्याकाळ सीनूच्या घरात झालेली नव्हती. त्यापेक्षा ज्या प्रश्नावर दोघांच्या गुणांत सर्वांत मोठा फरक आहे, तो प्रश्न घेऊन दोघांना आपापला प्रसंग सांगायला लावावा. आता माझ्याकडून तक्ता नेणाऱ्या पालकांना मी विनंती करते की दोघांनी तो वेगवेगळा, एकमेकांना न विचारता भरावा आणि घरातल्या मुलांकडून भरून घेऊ नये. मराठी वाचणे जड जात असेल तर तसे सांगावे, आम्ही वाचून दाखवू. भांडण झाले त्याच रात्री भरू नये. ‘नेहमी’ असे लिहावेसे वाटले तर शेजारी गेल्या आठवड्यातला एक दिवस आणि वेळ लिहावी. आणि आपली झोप, आपले काम, आपली तब्येत यांविषयी तक्त्याच्या पाठीमागे दोन ओळी लिहिल्या, तर त्या वाचून मला तक्ता अधिक नीट समजतो. त्या ओळींचा उपयोग तुमच्याविरुद्ध होणार नाही, झाला तर चूक आमची असेल.

सीनूच्या घरी गृहपाठाची वेळ विड्यांच्या वेळेतून काढून शाळा सुटल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात आणली, दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले. सूचना एका वेळी एकच, जवळ जाऊन, आणि दिली तर मागे घ्यायची नाही, असे ठरले. सुट्टीच्या दिवशीचा अभ्यास वडिलांकडे दिला. बाईंनी त्याला पहिल्या बाकावर आणले.

चार महिन्यांनी तिन्ही तक्ते पुन्हा भरले. आईचे अवज्ञेचे गुण १६ वरून ९ वर आले, अवधानाचे २० वरून १८ वर, म्हणजे तेथे फारसा फरक नव्हता. वडिलांचे मात्र वाढले होते : अवधान ६ वरून १५, अवज्ञा ३ वरून ६. आकडे पाहून आई क्षणभर घाबरल्या, मुलगा वडिलांसमोर बिघडला की काय, असे त्यांना वाटले. वडील म्हणाले, “नाही गं, आता मी बसवालोय त्याला अभ्यासाला. दोन ओळी लिहितो आणि कुठं बघालाय तेच कळंना.” मग त्यांनी माझ्याकडे पाहून विचारले की तक्ता अजून दिलेला नसेल तर बत्तीस क्रमांकाच्या आसपासचे प्रश्न त्यांना पुन्हा वाचायचे आहेत, कारण ते त्यांनी घाईत भरले होते. मी तक्ता परत दिला, आणि ते खुर्ची जरा उजेडाकडे सरकवून वाचू लागले.